कुत्री-मांजरं अशी का वागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं जनावर दिवसभर बोलत असतं. शेपूट, कान, डोळे, पाठीवरचे केस, अर्धी टाकलेली वाटी, नेहमीची जागा सोडून पलंगाखाली बसणं हे सगळं त्याचं बोलणंच. खालची उत्तरं वाचताना एक क्रम लक्षात ठेवा. वागणं अचानक बदललं, तर आधी कुठे दुखतंय-खुपतंय का ते बघायचं, मग त्याला कशाची भीती वाटतेय का ते शोधायचं, आणि वळण लावायचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. बहुतेक घरांत सुरुवात शेवटाकडून होते, आणि त्यात जनावराचे हाल होतात.

कुत्रा शेपूट हलवतोय म्हणजे तो खूश आहे ना?

तो चाळवला आहे, एवढंच नक्की. आनंदाने की रागाने, हे बाकीच्या अंगावरून ओळखायचं. कमरेपासून मागचं सगळं अंग डुलतंय, तोंड किंचित उघडं आहे, कान सैल आहेत, तर तो खूश आहे. शेपूट ताठ उभं, नुसतं टोक झपझप हलतंय, तोंड घट्ट मिटलेलं आणि भार पुढच्या पायांवर असेल, तर त्याला हात लावू नका. शेपूट खाली गेलंय आणि तिथेच बारीक हलतंय, तर तो घाबरलाय आणि 'मी काही करत नाही, तुम्हीही करू नका' असं सांगतोय.

इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं, की मालक दिसल्यावर कुत्र्याचं शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकतं आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डाव्या बाजूला. हा फरक नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर अनोळखी कुत्र्याजवळ जाऊ नका. पगसारख्या जातीत शेपूट मुळातच वळलेलं असतं, काही जातींत अगदी आखूड. तिथे कान, डोळे आणि अंगाचा ताठपणा बघा.

मुलं कुत्र्याला मिठी मारतात, तो गप्प बसतो. त्याला आवडत असेल का?

एकदा तो प्रसंग मोबाइलवर घ्या आणि व्हिडिओ हळू वेगाने बघा. मुलाचे हात मानेभोवती पडले की आधी कुत्र्याचं उघडं तोंड मिटतं. मग तो मान दुसरीकडे वळवतो. जिभेचं टोक क्षणभर नाकाला लागून परत आत जातं. कान मागे सरकतात. मान वळलेली, पण नजर मुलावरच असल्याने डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. झोप आलेली नसताना जांभई येते. शेवटी तो अगदी थिजतो, श्वाससुद्धा रोखतो.

पाहणाऱ्याला वाटतं, किती सोशिक आहे! थिजणं ही मात्र चावण्याआधीची जवळजवळ शेवटची पायरी आहे. 'कधीच काही केलं नव्हतं, एकदम चावला' असं ज्या कुत्र्याबद्दल सांगितलं जातं, त्याने बहुतेक वेळा हे सगळं आधी शंभरदा सांगून झालेलं असतं.

आवडतंय का हे तपासायची सोपी रीत आहे. छातीला किंवा खांद्यापाशी ३ सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. कुत्रा पुढे सरकला, नाकाने हात ढोसला, तर पुन्हा ३ सेकंद. तो जागच्या जागी बसून राहिला किंवा अंग झटकून बाजूला झाला, तर तेवढं पुरे. ही रीत पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही चांगली जमते. त्याहून लहान मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील, तर मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर हवं, कुत्रा कितीही गरीब असला तरी. जेवणारा, झोपलेला, पलंगाखाली शिरलेला किंवा पिल्लांजवळ बसलेला कुत्रा मुलांनी छेडायचा नाही, हा घरातला पक्का नियम असू द्या.

दात लागलाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओरखडा लहान आहे, कुत्रा घरचाच आहे, म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कुत्रा गुरगुरला तर दरडावायला नको का? नाहीतर तो डोक्यावर बसेल.

दरडावू नका. गुरगुरणं हा इशारा आहे, आणि तो मिळतोय हे चांगलंच आहे. ओरडा खाऊन कुत्रा शिकतो ते एवढंच, की गुरगुरलं की मार बसतो. पोटातली भीती तशीच राहते. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो.

'डोक्यावर बसेल' या समजुतीचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्यांची नोंद केली, आणि त्यावरून कळपात म्होरकेपणासाठी सतत झगडा चालतो असा समज पसरला. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने तो आणखी रुजवला. त्याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समेर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरणं, मानगूट पकडून हलवणं या पद्धती त्या जुन्या समजुतीतून आल्या. त्यांनी कुत्रा 'खालचा' होत नाही, तुमच्या हातांना घाबरायला लागतो.

वाटीजवळ गेल्यावर गुरगुरत असेल, तर असं करा. तो जेवत असताना साधारण २ मीटरवर उभे राहा, त्याच्या जेवणापेक्षा चविष्ट असा, नखाएवढा तुकडा वाटीकडे टाका आणि निघून जा. एका जेवणात असं ५-६ वेळा. काही दिवसांनी तुमची चाहूल लागताच तो वाटीतून डोकं वर काढून आनंदाने बघायला लागेल. तसं झालं की एक पाऊल जवळ. अंग ताठ झालं, भराभर गिळायला लागला, तर तुम्ही घाई केलीत. पुन्हा दोन पावलं मागे. सवय व्हावी म्हणून वाटीत हात घालणं किंवा वाटी उचलून घेणं हा सल्ला अजून दिला जातो. त्याने कुत्र्याचा संशय खरा ठरतो आणि आजार वाढतो.

नासधूस केली की तो अपराधी चेहरा करतो. म्हणजे त्याला चूक कळते ना?

कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं. मालक खोलीबाहेर असताना काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला, काहींनी नाही. परत आलेल्या मालकाला मात्र कधी खरं सांगितलं, कधी खोटं. पडलेले कान, चोरटी नजर, पोटात घातलेलं शेपूट हे सगळं दिसलं ते मालक रागावला तेव्हा, मग कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. तो चेहरा तुमच्या रागाला घाबरल्याचा असतो.

म्हणून संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या फाटक्या उशीबद्दल ओरडण्यात काही अर्थ नाही. त्याच्या हिशेबी 'माणूस दारातून आला आणि ओरडला' एवढंच घडलं. शाबासकीचंही तसंच आहे. जे वागणं हवं, ते घडल्यावर एखाद्या सेकंदात खाऊ किंवा 'शाब्बास' मिळायला हवं. कुत्रा बसला, तुम्ही खिसा चाचपलात, तोवर तो उठला आणि मग खाऊ दिलात, तर बक्षीस उठण्याचं झालं.

आम्ही बाहेर पडलो की तो भुंकतो, दार कुरतडतो, घरात शू करतो. सूड उगवतो का?

सूड नाही. तो बहुधा एकटं राहण्याला घाबरतोय, किंवा कंटाळलाय. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी एक फोन रेकॉर्डिंगवर ठेवून बाहेर पडा. कंटाळलेला कुत्रा आधी झोप काढतो, मग तासा-दोन तासांनी चप्पल, कुशन, कचऱ्याचा डबा असं काही शोधतो. त्याला निघण्यापूर्वी चांगलं फिरवून आणा आणि चघळायला, हुंगून शोधायला काही ठेवा. घाबरलेला कुत्रा तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासाच्या आतच धापा टाकतो, येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो. त्याची नासधूस दार आणि खिडकी यांच्याभोवती असते, आणि समोर ठेवलेला आवडता खाऊही तो तोंडात घेत नाही.

भीतीवरचा उपाय सावकाशीचा आहे. किल्ली उचलणं, चपला घालणं, पिशवी खांद्याला लावणं या खुणा पाहूनच त्याचा जीव वर-खाली होतो. दिवसातून १०-१५ वेळा किल्ली उचला आणि खुर्चीत बसा, चपला घाला आणि स्वयंपाकघरात जा. खुणांचं वजन गेलं की दार उघडून मिटणं, मग ५ सेकंद बाहेर, मग १०, २०, पुन्हा ५, मग ४०. प्रत्येक वेळी वेळ वाढवतच नेऊ नका, मध्ये सोप्या खेपा ठेवा. तो अस्वस्थ होण्याच्या आत परत येणं यातच सगळं आहे. सराव चालू असेपर्यंत त्याला खरोखर एकटं सोडायचं नाही. शेजारी, नातेवाईक, जे कोणी असेल त्यांची मदत घ्या. एक दिवस चार तास एकटा राहिला की दोन आठवड्यांची मेहनत वाया जाते.

अशा कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडू नका. घाबरून दात आणि नखं मोडून घेतात. त्रास फार असेल तर पशुवैद्य भीती कमी करणारी औषधं देतात. ती घेणं म्हणजे हार नव्हे. डोकं शांत असेल तरच काही शिकता येतं.

कुत्र्याचं पिल्लू सारखं चावतं. कधी थांबेल?

दुधाचे २८ दात साधारण ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान पडतात, त्यानंतर जोर ओसरतो. तोवर दात लागला की खेळ १५-२० सेकंद बंद, हात मागे, नजर दुसरीकडे. मग हातात खेळणं. हात झटकलात तर ती शिकार वाटते. पिल्लांना दिवसाला १८-२० तास झोप लागते. संध्याकाळी पिसाळल्यासारखं चावणारं पिल्लू बहुतेक वेळा पेंगुळलेलं असतं. शांत कोपऱ्यात नेऊन ठेवा, दहा मिनिटांत झोपेल.

आणखी एक, जे पुढे भरून काढता येत नाही: पिल्लाचं जगाशी ओळख करून घेण्याचं वय साधारण ३ ते १२-१४ आठवडे, मांजराच्या पिल्लाचं २ ते ७ आठवडे. या काळात वेगवेगळी माणसं, आवाज, जमिनी, छत्र्या, चाकाच्या वस्तू त्याच्या कलाने दाखवा. लसीकरण पूर्ण व्हायचं असेल तर कडेवर घेऊन फिरवा.

मांजर मांडीवर लाडात असते आणि एकदम चावते. असं का?

एकदम नसतं. शेपटाकडे लक्ष ठेवा. आधी नुसतं टोक एकदा उडतं. मग पाठीची कातडी थरथरते, जणू माशी बसली. कान किंचित बाहेर वळतात, घुरघुर थांबते, डोकं हाताकडे वळतं. आणि मग दात. पहिल्या झटक्यालाच हात थांबवलात तर पुढचं काही होत नाही.

बहुतेक मांजरांना गाल, हनुवटीखाली आणि कानांच्या पुढचा भाग गोंजारलेला आवडतो, कारण तिथे त्यांच्या गंधग्रंथी असतात. पोट आणि शेपटाचं मूळ शक्यतो टाळा. उताणी पडून पोट दाखवणारी मांजर 'तुझ्यावर विश्वास आहे' म्हणते, 'पोट खाजव' असं नाही. घुरघुरही दर वेळी सुखाची नसते. दुखापत झालेली, वेदनेत असलेली मांजरंही घुरघुरतात. कधीच न चावणारी मांजर पाठीला हात लागताच फिस्कारायला लागली, तर पशुवैद्याकडे न्या.

मांजराला आपली माया असते की फक्त खाण्यापुरती?

असते. २०१९ साली मांजरांच्या वागण्याच्या अभ्यासक क्रिस्टिन विटाल आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पिल्लांना नव्या खोलीत २ मिनिटं आपल्या माणसाबरोबर, २ मिनिटं एकटं आणि मग पुन्हा २ मिनिटं माणसाबरोबर ठेवलं. सुमारे ६५ टक्के पिल्लं माणूस परतल्यावर शांत झाली, त्याच्याजवळ जाऊन आली आणि खोली धुंडाळायला लागली. तान्ह्या मुलांच्या अशाच चाचणीत आईवर भिस्त असलेली मुलं असंच वागतात.

घरातही ते दिसतं. शेपूट काठीसारखं उभं करून तुमच्याकडे चालत येणं हा नमस्कार आहे. पायांना अंग घासणं म्हणजे तुम्हाला आपल्या घराचा वास लावणं. मोठी मांजरं एकमेकांत क्वचितच म्याँव करतात. तो आवाज बहुतांशी माणसांसाठी राखून ठेवलेला आहे. नजरानजर झाली की डोळे अर्धवट मिटून, क्षणभर थांबून सावकाश उघडा. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांना आढळलं, की असं केल्यावर मांजरं उलट डोळे मिटून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात. टक लावून पाहणं मात्र त्यांना धमकीसारखं वाटतं.

मांजर शू-शीचा ट्रे सोडून भलतीकडे शू करते. काय चुकतंय?

सगळ्यात आधी एक तातडीची गोष्ट. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय, पण शू होत नाही किंवा थेंबथेंब होतेय, तर त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या. मूत्रमार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत जीव जातो. बद्धकोष्ठ समजून वाट बघण्यात बोके दगावतात.

ते नसेल तरी लघवीची तपासणी करून घ्या. ती ठीक निघाली, तर ट्रेकडे वळा. बाजारातले बहुतेक ट्रे लहान असतात. नाकापासून शेपटाच्या मुळापर्यंत मांजर जितकी लांब, त्याच्या दीडपट लांबीचा ट्रे हवा. मोठा, उथळ प्लास्टिकचा टब उत्तम चालतो. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि तेही वेगवेगळ्या जागी. एका ओळीत मांडलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची वाळू किंवा भुसा, बारीक, बिनवासाचं आणि ५ ते ७ सेंटिमीटर खोल. घाण रोज किमान एकदा उचला, आठवड्याला ट्रे साध्या साबणाने धुवा. फिनेलसारखी जंतुनाशकं नकोत, ती मांजरांना विषारी असतात. झाकणाचा ट्रे आपल्याला बरा वाटतो, पण आत वास कोंडतो आणि दुसरी मांजर दाराशी दबा धरून बसू शकते. वॉशिंग मशीनशेजारी ट्रे ठेवलात आणि ऐन वेळी मशीन खडखडली, तर ती जागा कायमची बाद होऊ शकते.

घाण झालेली जागा एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसा. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास लघवीच्या जवळ जातो आणि मांजर पुन्हा तिथेच येते. उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर पिचकारी मारत असेल, तर ती हद्दीची खूण आहे. नसबंदीने बहुतेक बोक्यांचं हे थांबतं. नाही थांबलं तर खिडकीबाहेर फिरणारी परकी मांजर किंवा घरातलं भांडण शोधा.

सोफा ओरबाडणं कसं थांबवू?

ओरबाडणं थांबत नाही, त्याची जागा बदलता येते. नखांची जुनी टरफलं काढणं, अंग ताणणं आणि पंजातला वास ठेवणं ही तिन्ही कामं त्यात होतात. पाऊण ते एक मीटर उंच, जराही न डुगडुगणारा, काथ्या किंवा सिसलची दोरी गुंडाळलेला खांब सोफ्याच्या अगदी शेजारी ठेवा, अडगळीत नाही. तोवर सोफ्याच्या कोपऱ्यावर दुहेरी चिकटपट्टी. नखं काढण्याची शस्त्रक्रिया करू नका. त्यात बोटाचं शेवटचं हाड कापतात आणि वेदना राहू शकते.

दुसरी मांजर आणायची आहे. दोघींची गाठ कशी घालून द्यावी?

आल्या आल्या समोरासमोर आणू नका. नवीला दार मिटलेल्या वेगळ्या खोलीत ठेवा. वाट्या, ट्रे, लपायला खोकं, सगळं तिचं वेगळं. पहिले काही दिवस फक्त वासाची देवाणघेवाण: एका मऊ फडक्याने नवीचे गाल पुसून ते जुनीच्या जेवणाजवळ ठेवा, आणि उलटही. मग दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींच्या वाट्या, आधी एक-दोन मीटर दूर, हळूहळू जवळ. दोघी निवांत खायला लागल्या की जाळीतून किंवा फटीतून पाच-पाच मिनिटं दिसू द्या. थोडं फिस्कारणं चालतं. टक लावून, अंग आवळून, शेपूट आपटत बघणं मात्र नको, लगेच आधीच्या पायरीवर या. दोन ते सहा आठवडे सहज लागतात, कधी महिने. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, पुठ्ठा किंवा उशी सारा.

गडगडाट झाला की कुत्रा थरथरतो. जवळ घेतलं तर भीती वाढेल का?

नाही. भीती ही भावना आहे, लाडाने ती शिकवली जात नाही. तो जवळ आला तर जवळ घ्या, लपला तर लपू द्या, ओढून काढू नका. खिडक्या-पडदे बंद, पंखा किंवा संगीत चालू, दार मात्र पक्कं लावलेलं, कारण घाबरलेला कुत्रा मैलोगणती पळतो. कोरड्या दिवसांत गडगडाटाचं रेकॉर्डिंग ऐकू येईल न येईल इतक्या हळू लावा आणि सोबत खाऊ द्या. आवाज आठवड्यागणिक किंचित वाढवा. कान मागे गेले की आवाज कमी करा.

ससा उताणा धरला की शांत पडतो. त्याला बरं वाटतं का?

नाही, तो भीतीने थिजलेला असतो. शिकाऱ्याच्या तोंडात सापडलेलं जनावर असंच निपचित पडतं. गंमत म्हणून कधीही करू नका. मागचा पाय जमिनीवर आपटणं हा सशाचा धोक्याचा इशारा, आणि हवेत उडी मारून अंगाला पीळ देणं हा त्याचा आनंद. १२ तास काही खाल्लं नाही तर लगेच पशुवैद्य. पोपट पिसं उपटत असेल तर आधी आजार तपासा, मग त्याला अंधारात १०-१२ तास झोप आणि दिवसा चोचीला काम मिळतंय का ते बघा.

म्हातारा कुत्रा रात्री भटकतो, भिंतीकडे बघत उभा राहतो. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का?

सोडून देऊ नका. माणसांतल्या स्मृतिभ्रंशासारखा आजार कुत्र्या-मांजरांनाही होतो. कोपऱ्यात अडकून बाहेर न पडता येणं, दार उघडेल म्हणून बिजागरीच्या बाजूला उभं राहणं, दिवसा झोप आणि रात्री भुंकणं, ओळखीच्या माणसाला न भेटणं ही त्याची लक्षणं. पण सांधेदुखी, दिसणं-ऐकणं कमी होणं, लघवीचा संसर्ग यांनीही असंच होतं आणि त्यांवर उपचार आहेत. दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पशुवैद्याकडे जाण्याआधी सात दिवस एक वही ठेवा: किती वाजता उठला, किती वेळ फिरला, कुठे अडकला, काय खाल्लं, शू कधी झाली. रात्रीच्या भटकण्याचा एक व्हिडिओही घ्या, दवाखान्यात तो हमखास शहाण्यासारखा बसतो. घरी फर्निचर हलवू नका, निसरड्या फरशीवर सतरंज्या टाका, पाण्याच्या वाटीपर्यंत मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. झोपण्याआधी बाहेर नेऊन शू करवा आणि सकाळी थोडा वेळ उन्हात बसवा. झोपेतून उठवायचं असेल तर अंगाला एकदम हात लावू नका. आधी नाकाजवळ हात न्या, वास येऊ द्या, मग हाक मारा.